जुनी कपाटे ठेवून स्वयंपाकघर नवे करताना

प्रश्न: कपाटे 15 वर्षांची आहेत. सनमायका पिवळट पडलाय, एक शटर लटकते आणि सिंकखालची फळी फुगली आहे. रंगावर भागेल का?

उत्तर: फुगलेली फळी सोडली तर भागेल. पार्टिकल बोर्ड पाण्याने एकदा फुगला की पुन्हा बसत नाही आणि वर लावलेला रंगही सोलून येतो. आधी गळती बंद करा, मग तेवढी फळी काढून वॉटरप्रूफ प्लाय टाका. प्लायच्या कापलेल्या कडांना प्रायमर हवाच, पाणी तिथूनच आत शिरते.

शटर लटकते म्हणून लगेच बिजागरी बदलू नका. भोक सैल झाले असेल तर त्यात गोंद लावून लाकडी खुंटी ठोका, सुकल्यावर स्क्रू पुन्हा पिळा. बिजागरी बदलायचीच असेल, तर वाटीचा, म्हणजे शटरमध्ये बसणाऱ्या गोल भागाचा, व्यास (बहुतेक 35 मिमी) आणि बिजागरीच्या दांडीचा बाक जुन्याइतकाच घ्या. बाक चुकला की शटर शेजारच्या शटरला घासते.

आता रंग. तो निघतो तो बहुधा शेगडीजवळ आणि हँडलभोवती, म्हणजे जिथे तेल आणि हात लागतात तिथे. शटर उतरवून मागे क्रमांक टाका. तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने दोनदा पुसा, साध्या पाण्याने पुसून पूर्ण सुकवा. धुण्याआधी घासू नका, तेल ओरखड्यांत बसते. मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी घालवा. सुटलेले कोपरे आधी चिकटवून घ्या. गुळगुळीत पृष्ठभागावर पकडणारा प्रायमर, त्यावर फोमच्या रोलरने रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. हाताला सुकला तरी रंग पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर ओल्या फडक्याने घासू नका.

हँडल घेताना जुन्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा. 96 किंवा 128 मिमी असेल तर नवी हँडल त्याच भोकांत बसतात.

प्रश्न: ओट्याचा दगड नवा घालणार आहोत. जुना हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) आणि चिमणी चालतील?

उत्तर: चालतील. हॉबचा खाचा वरच्या काचेवरून आखू नका. हॉब उलटा करून खालच्या पेटीचे माप घ्या आणि माहितीपत्रकाशी ताडून पाहा. खाचा मोठा झाला तर दगड वाया जातो, लहान असेल तर घासून वाढवता येतो. जुन्या दगडावरच नवा चढवणार असाल, तर ओटा तेवढा उंच होऊन चिमणीखालचे अंतर घटते. ते साधारण 65 ते 75 सेंमी लागते, पण तुमच्या चिमणीच्या माहितीपत्रकात दिलेले माप अंतिम माना.