शेजारच्या मंडळींशी नाते जोडताना

नाशिकसारख्या गावी, जिथे आपली ज्यूंची घरे मोजकीच आहेत, प्रार्थना-मंडळीचे काम नव्याने हाती घेताना आपण ठाण्याच्या १८७९ सालच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगशी (प्रार्थनागृहाशी) आणि पुण्याच्या मंडळींशी ओळख अडचण येण्यापूर्वीच करून ठेवावी. परंपरेनुसार कद्दिश, ही मृतांच्या स्मरणार्थ होणारी प्रार्थना, म्हणण्यासाठी मिन्यान, म्हणजे दहा प्रौढ पुरुष, लागतात. वडिलांच्या वर्षदिनी आमच्याकडे आठच जण जमले आणि उरलेल्या दोघांसाठी अनोळखी माणसांना फोन करताना मला फार संकोच वाटला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, प्रवास वर्ज्य असल्याने पाहुण्यांना शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पोहोचता येईल असे बोलवावे, कसारा घाटात वाहने अडकतात हे गृहीत धरावे आणि मुक्कामाची सोय आधीच कळवावी.

मदत मागण्याआधी स्वतः करावी. किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथ व सणांना पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, शरबतासाठी काळे मनुके भिजवून, कुस्करून गाळतात; ते इथूनच देठ काढून, निवडून पाठवावेत (खडे राहिले तर वर्षभर ऐकावे लागते). पुण्यातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंच्या, परंपरेचे, तर १९२१ चे सुक्कथ शेलोमो बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचे, असल्याने चालीरीतींत फरक आढळेल; तिथे आपलीच चाल खरी, असा आग्रह धरू नये. मलिद्याचे, म्हणजे गोड पोहे व फळांचे ताट मांडून केल्या जाणाऱ्या आभारविधीचे, बोलावणे आल्यास ताटासाठी फळे घेऊनच जावे.