न्यू जर्सीतलं अपील: पुन्हा काय तपासतात, काय नाही

तुम्ही विचारलंय की जर्सी सिटीत भाड्याने घर घेतलं, पुढे डिपॉझिटवरून घरमालकाशी वाजलं आणि खालच्या कोर्टात हरलात, तर अपीलात सगळं पुन्हा मांडता येईल का. पुण्यातले तुमचे वकीलकाका ‘येईल’ म्हणतात.

काकांचं तिकडच्या हिशेबाने बरोबर आहे. आपल्याकडे पहिल्या अपीलात कोर्ट पुरावाही नव्याने तपासतं. कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतंच बोला, हे बंधन हायकोर्टातल्या दुसऱ्या अपीलाला, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मुळे. न्यू जर्सीत मात्र पहिल्याच अपीलात हात बरेच आखडलेले असतात.

इथे ५,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात चालतो. वकील केलाच पाहिजे असं नाही, ज्युरी नसते. त्यावरचं अपील सुपिरियर कोर्टाच्या अपेलेट डिव्हिजनकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या विभागाकडे जातं. तिथे दोन किंवा तीन न्यायाधीश असतात, साक्षीदार बोलावत नाहीत. खालच्या सुनावणीचं ट्रान्स्क्रिप्ट (बोलल्याची शब्दशः नोंद) आणि तिथे दाखल झालेले कागद, एवढ्यावरच काम चालतं. ट्रान्स्क्रिप्टचा खर्च अपील करणाऱ्याच्या माथी.

समजा, मालकाने १,८०० डॉलर अडकवले: म्हणे लाकडी फरशीवर तुम्ही चरे पाडले. न्यायाधीशांनी दोघांचं ऐकलं आणि मालकावर विश्वास ठेवला. ही झाली वस्तुस्थिती. रेकॉर्डवर त्याला पुरेसा विश्वासार्ह आधार असेल, तर वरचं कोर्ट हात लावत नाही. साक्षीदाराचा चेहरा खालच्या न्यायाधीशांनी पाहिला, आम्ही नाही, ही त्यामागची भूमिका. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ च्या रोव्हा फार्म्स निकालात ती पक्की केली.

आता उलटं बघा. न्यायाधीश म्हणाले, मालकाने पैसे विनाकारण अडकवले, पण १,८०० च परत मिळतील. डिपॉझिटचा कायदा सांगतो की अशा वेळी दुप्पट द्यायचे, म्हणजे ३,६००. कायदा लावण्यात चूक झाली का, हे वरचं कोर्ट कोऱ्या पाटीवर ठरवतं. खालच्या न्यायाधीशांच्या मताला इथे काडीचंही झुकतं माप नाही. १९९५ चा मॅनालापन रिअल्टी निकाल यासाठी सतत उद्धृत होतो. तारीख वाढवून दिली नाही, असल्या तक्रारी या दोन्हींच्या मध्ये पडतात. त्या न्यायाधीशांच्या अखत्यारीतल्या, अगदीच मनमानी असेल तरच निर्णय उलटतो.

म्हणून खरी लढाई खालीच. दुप्पट रकमेचा मुद्दा सुनावणीत स्वतः तोंडाने मांडा. तिथे न काढलेला मुद्दा वर सहसा ऐकत नाहीत. व्हॉट्सॲपचे मेसेज मोबाइलवर दाखवून भागत नाही, छापून दाखल करा. राहायला जाताना फरशीचे फोटो काढा, सोडताना परत काढा, आणि नवा पत्ता मालकाला लेखी कळवा. भाडेकरार संपल्यापासून ३० दिवसांत त्याने पैसे किंवा कपातीची यादी द्यायची असते. आईवडील साक्ष देणार असतील तर मराठी दुभाषा कोर्ट फुकट देतं, फक्त आधी मागावा लागतो.

अपीलाची मुदत निकालापासून ४५ दिवस, फी २५० डॉलर. नुसतं अपील केल्याने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. वकील करायचा तर आकडा मांडून बघा: डिपॉझिटच्या दाव्यात जिंकलात तरी त्याची फी मालकाकडून मिळवून द्यायची की नाही, हे न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे.