लहान हातासाठी सेबरची (तलवारबाजीतल्या एका तलवारीची) मूठ कोणती घ्यावी?

मुलीचा पंजा लहान आहे म्हणताय, तर आधी मुठीचा घेर बघा, लांबी नंतर. सेबर चालते ती अंगठा आणि तर्जनीवर. बाकीची तीन बोटं साथीला. अंगठा मुठीच्या पाठीवर सपाट टेकला आणि तर्जनी खालून सहज वळली, की मूठ बसली समजा. नाहीतर मुलगी ती आवळून धरणार आणि मनगट अखडणार. पारखताना तिला ग्लोव्ह घालाच. जाड रबरी मूठ टाळा. साध्या प्लास्टिकची कानसीने थोडी घासताही येते. आखूड करायच्या फंदात मात्र पडू नका, आतली पात्याची शेपटीही कापावी लागते. फॉइल या दुसऱ्या तलवारीसारखी पिस्तुलाच्या आकाराची मूठ सेबरला वापरत नाहीत. आणि हो, स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मूठ व तिच्या मागच्या टोकाचं बोंड दोन्ही विद्युतरोधक लागतात.