वाचकांचे प्रश्न: साइटला गर्दी झाली की डेटाबेसच का बंद पडतो?

प्रश्न: अप्पा बळवंत चौकात आमचं शाळा-कॉलेजच्या पुस्तकांचं दुकान आहे. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स वापरून ऑनलाइन ऑर्डरची साइट केलीय, १ जीबी रॅमचा उबुंटू सर्व्हर आहे, त्यावर पेज दाखवणारा अपाची आणि डेटाबेस सांभाळणारा मायएसक्यूएल ८. एरवी नीट चालते पण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची वेळ आली की स्क्रीनवर 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' येतं, भाचा मायएसक्यूएल रीस्टार्ट करतो, थोड्या वेळाने परत तेच, आणि कधीकधी तर रीस्टार्टच होत नाही. होस्टिंगवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या. आमचा डेटाबेस खराब झालाय का?
– पुस्तकविक्रेत्या, शनिवार पेठ

उत्तर: ताई, डेटाबेस बहुतेक ठणठणीत आहे, त्याला बाहेरून बंद केलं जातंय. लिनक्समध्ये रॅम अगदी संपली की सगळी मशीन अडकू नये म्हणून कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) स्वतःच मारून टाकतं, त्याला ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी किलर म्हणतात, आणि तो साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला उचलतो. तुमच्यासारख्या छोट्या सर्व्हरवर ती मायएसक्यूएलच असते. म्हणून सगळे डेटाबेसच्या मागे लागतात, आणि ज्याने मेमरी खाल्ली तो अपाची तसाच चालू राहतो.

आधी खात्री करून घ्या. भाच्याला सांगा डीमेसग (dmesg) किंवा जर्नलसीटीएल कमांडमध्ये कर्नलचे मेसेज बघ आणि 'आउट ऑफ मेमरी' शोध, त्या ओळीत मायएसक्यूएलडीचं, म्हणजे मायएसक्यूएलच्या प्रोसेसचं, नाव दिसलं की विषय संपला. नाही दिसलं तर डिस्क भरलीय का ते डीएफ कमांडने बघा, कारण मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांच्या नोंदींच्या फाइली) आपोआप चालू असतात आणि ३० दिवस साठत राहतात, छोट्या डिस्कवर ते जड जातात.

आता हिशोब, आणि हा प्रत्येकाने कागदावर करावा असं मला मनापासून वाटतं कारण सगळं उत्तर यातच आहे. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, अपाचीच्या आतच चालत असेल तर एकेक अपाची प्रोसेस वूकॉमर्ससकट सहज ५०-६० एमबी घेते. उबुंटूवर अशा सेटअपमध्ये मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्स ही सेटिंग १५० वर असते, म्हणजे गर्दी झाली की अपाची १५० प्रोसेस उघडायला मोकळा. ५० ने जरी धरलं तरी साडेसात जीबी होतात आणि तुमच्याकडे आहे १! त्यातले मायएसक्यूएलला ४०० एमबीच्या आसपास लागणार, सिस्टीमला दीडशे-दोनशे, उरले साधारण ४००, म्हणजे ७-८ प्रोसेस. तेवढाच आकडा मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्समध्ये टाका. जास्तीचे गिऱ्हाईक काही क्षण रांगेत थांबतील, पेज हळू उघडेल, पण ऑर्डर जाईल. एखाद्या आईला मुलाच्या पुस्तकांच्या यादीसाठी पाच सेकंद थांबावं लागलं तर ती थांबते, एरर दिसली तर निघून जाते.

रीस्टार्ट का होत नाही तेही यातच आलं. मायएसक्यूएल सुरू होताना इनोडीबी बफर पूलसाठी, म्हणजे डेटा रॅममध्ये ठेवायला, जागा मागतो, डीफॉल्ट १२८ एमबी, पण तोवर अपाचीने सगळी रॅम धरलेली असते, एरर लॉगमध्ये मेमरी मिळाली नाही असं लिहिलेलं सापडेल. म्हणून आधी अपाची थांबवायचा, मग मायएसक्यूएल चालू करायचा, मग अपाची. हाच क्रम.

मग स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवरची वापरायची जागा. १ जीबीची स्वॅप फाइल करा, तिची परमिशन ६०० ठेवा आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याच्या यादीत) नोंद करा नाहीतर सर्व्हर रीबूट झाला की ती गायब. काही स्वस्त कंटेनरवाल्या सर्व्हरवर स्वॅप करूच देत नाहीत, तिथे नाइलाज. पण स्वॅपवर सगळी भिस्त ठेवू नका, डिस्क रॅमपेक्षा खूप हळू असते, वर्कर्सचा आकडा कमी न करता नुसता स्वॅप दिला तर साइट पडण्याऐवजी तासभर रांगत राहील. मायएसक्यूएलमध्ये परफॉर्मन्स स्कीमा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामगिरीची मोजणी, बंद केलात तर बरीच मेमरी सुटते, तुमच्या दुकानाला त्याची गरज नाही. बफर पूल मात्र लगेच कमी करायला जाऊ नका, बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि क्वेरी अजून मंद करून ठेवतात.

आणि अॅक्सेस लॉग नक्की बघा. एक्सएमएलआरपीसी (बाहेरच्या अॅपमधून वर्डप्रेस चालवायची फाइल) आणि लॉगिन पेजवर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, सतत धडका मारत असतात, ती गर्दी गिऱ्हाइकांची नसतेच. एक्सएमएलआरपीसी लागत नसेल तर बंद करा, आणि कॅटलॉगच्या पेजला पेज कॅश लावा, म्हणजे तयार पेज साठवून तेच दाखवलं जाईल, फक्त कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट त्यातून वगळा. एवढं करूनही जूनमध्ये रॅम पुरली नाही तर २ जीबीचा प्लॅन खुशाल घ्या, पण आकडा १५० वरच ठेवून घेतलात तर तोही भरेल.

प्रश्न: मायएसक्यूएल बंद दिसला की चालू करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) मी दर पाच मिनिटांनी लावलाय. तेवढं पुरे ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: नाही हो. इनोडीबी प्रकारची टेबल असतील तर कमिट झालेला, म्हणजे पक्का नोंदलेला, डेटा लॉगवरून परत उभा राहतो, पण अर्धवट राहिलेली ऑर्डर गेलीच, आणि डेटाबेस बंद असताना पेमेंट झाल्याचा मेसेज आला तर पैसे कापले गेलेले असतात पण ऑर्डरवर त्याची नोंद होत नाही. जुन्या साइटवर मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबल राहिलेली असतात, ती अशी मधेच बंद पडली की खरोखर बिघडतात, ती आजच बघून इनोडीबीत बदलून घ्या, त्याआधी मायएसक्यूएलडम्पने बॅकअप घेऊन दुसऱ्या मशीनवर ठेवा. क्रॉन राहू दे, पण तो किती वेळा चालू करतोय त्याची लॉगमध्ये नोंद होऊ दे, आणि नोंदी वाढत असतील तर वरचा हिशोब तुमच्या सर्व्हरचे आकडे टाकून करा.