लॅटिसचं 'जाळं' करू नका, ती जाळी आहे

प्रश्न असा आलाय: "लॅटिस क्यूसीडीवर मराठीत लेख लिहितोय, लॅटिसला 'जाळं' म्हटलं तर चालेल का? आणि सिम्युलेशनला 'नक्कल' म्हणू का?" (क्यूसीडी म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले क्वार्क नावाचे कण आणि त्यांना बांधणारं बल, म्हणजे स्ट्राँग फोर्स, यांचा सिद्धांत; त्याचं गणित लॅटिसवर मांडून कॉम्प्युटरवर केलं की ते लॅटिस क्यूसीडी.)

जाळं अजिबात चालणार नाही. जाळं धरतं, जाळीतून आरपार दिसतं. कोळ्याचं जाळं असतं (आठ पायांच्या कोळ्याचंही आणि होडीतल्या कोळ्याचंही), खिडकीला मात्र जाळी असते. हा नुसता लिंगाचा फरक नाहीये, कामाचा फरक आहे, आणि मराठीने तो एका मात्रेत करून ठेवलाय तर आपण तो का घालवायचा? परवाच एका व्हिडिओत ऐकलं, "क्वार्क लॅटिसच्या जाळ्यात अडकलेले असतात". अहो, क्वार्क अडकलेले असतात ते स्ट्राँग फोर्समुळे, लॅटिस असो वा नसो! क्यूसीडीतली लॅटिस निसर्गात नाहीच, ती आपण हिशोबासाठी अवकाश आणि काळ यांच्यावर आखलेली चौकट आहे, तिची घरं बारीक बारीक करत न्यायची आणि घराचं माप शून्यावर गेलं तर उत्तर काय येईल ते काढायचं, म्हणजे शेवटी ती उरतच नाही. 'जाळ्यात' हा एक शब्द घातला की वाचकाच्या डोक्यात सगळी फिजिक्स उलटी बसते.

पुस्तकी मराठीत 'जालक' आहे. संस्कृत म्हणून तो चूक नाही, तिथे 'जाल' म्हणजे खिडकीची जाळीसुद्धा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापं सांगताना सुरुवातच अशी आहे, 'जालान्तरगते भानौ यत्सूक्ष्मं दृश्यते रजः', म्हणजे जाळीतून आलेल्या उन्हात जो बारीकसा धुळीचा कण दिसतो तो त्रसरेणू, सगळ्या मापांतलं पहिलं माप. कण, त्याचं माप आणि जाळी एकाच ओळीत! यावरून प्राचीनांना क्यूसीडी येत होतं असं कृपया कुणी काढू नका, मला फक्त शब्दांचा शेजार आवडतो. पण 'जालक' आपल्याकडे रुळला तो स्फटिकांसाठी, आणि तिथे सगळं लक्ष बिंदूंवर असतं, अणू कुठे बसलाय यावर. क्यूसीडीत तेवढ्याने भागत नाही.

आणि इथेच मूळ इंग्रजी शब्दाची गंमत आहे, जी मला सगळ्यात जास्त आवडते. लॅटिस आला जुन्या फ्रेंचमधल्या 'लात' वरून, लात म्हणजे लाकडाची पातळ पट्टी, इंग्रजीतला 'लाथ' तोच. म्हणजे शब्दाचं मूळ भोकांत नाही, गाठींत नाही, पट्टीत आहे. आपल्याकडे त्या पट्टीला कामटी म्हणतात. आता १९७४ मध्ये केनेथ विल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने ही जाळी मांडली तेव्हा काय केलं बघा: क्वार्क ठेवले बिंदूंवर, आणि ग्लुऑन, म्हणजे क्वार्कना एकत्र बांधणारे बलाचे कण, ठेवले दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेघांवर, प्रत्येक रेघेवर तीन बाय तीनची एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता. म्हणजे ग्लुऑन ही कामटीच! चार कामट्यांनी वेढलेल्या चौकोनाला ते 'प्लाकेट' म्हणतात, आपण सरळ 'घर' म्हणू, जाळीला घरंच असतात.

कोकणात कुणी कामट्यांची ताटी बांधताना बघितलीय का? आधी उभ्या कामट्या मांडायच्या, मग आडव्या, आणि जिथे जिथे एकमेकींवर येतात तिथे सुंभाची गाठ, गाठ ढिली राहिली तर घर तिरकं होतं आणि मग सगळीच ताटी वेडीवाकडी. मुक्ताबाईने ज्ञानदेवांना उघडायला सांगितली ती हीच ताटी. म्हणून माझं मत गेली कित्येक वर्षं एकच आहे की या लॅटिसला खरा मराठी शब्द 'ताटी' हाच आहे, त्यात पट्टी आहे, गाठ आहे, घर आहे, आणि काम झालं की बाजूला सारता येते. यावर एका परिभाषावाल्या गृहस्थांनी मला ऐकवलं होतं की ताटी म्हणजे तिरडी, शास्त्रात असला अशुभ शब्द नको. तिरडीलाही ताटी म्हणतात ते तीही बांबूचीच बांधतात म्हणून, यात अशुभ काय आहे? शब्दाला सुतक लावायचं आणि मग मराठीत शब्दच नाहीत म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

विरोधी पक्षाकडे एक मुद्दा आहे तो सांगतो, फ्रेंच लोक आज याला 'रेझो' म्हणतात, आणि त्याचं मूळ लॅटिनमधलं 'रेते', म्हणजे चक्क जाळं. ज्यांनी इंग्रजांना पट्टी दिली तेच जाळ्यात गेले! पण म्हणून आपण का जायचं? जर्मन 'गिटर' म्हणतात, म्हणजे गज, कठडा, ते आपल्या जाळीच्या जवळचं.

नक्कल राहिलीच. नक्कल म्हणजे तलाठ्याकडून सातबाऱ्याची मिळते ती, तिला आधी अस्सल लागतं. इथे अस्सल हातात नसतानाही आकडा येतो. जाळीच्या एका टोकाला क्वार्क सोडायचे, काळाच्या दिशेने एकेक घर पुढे गेलं की सिग्नल किती पडतो ते बघायचं, जितका झपाट्याने पडेल तितका कण जड, आणि हे हजारो वेळा कामट्यांवरचे आकडे बदलून करायचं नि सरासरी घ्यायची. २००८ मध्ये एका युरोपीय गटाने असंच प्रोटॉन-न्यूट्रॉनचं वस्तुमान काढलं, ९३६ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आलं, खरं ९३९ च्या आसपास आहे, आणि तेव्हा त्रुटीची मर्यादाही सोबत दिली होती. ते तर आधीच माहीत होतं म्हणाल, तर मग बी-सी मेसॉन घ्या, म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांचा जोडकण. त्याचं वस्तुमान नीट मोजलं गेलं नव्हतं तेव्हा जाळीवाल्यांनी ६३०४ एमईव्ही सांगितलं, मग अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेच्या सीडीएफ प्रयोगात मोजलं तर ६२८६ च्या आसपास निघालं. जे कुणी अजून नीट पाहिलंच नाही त्याची नक्कल कशी करणार?

तेव्हा लेखात 'जाळीवरचं गणित' लिहा, सिम्युलेशन तसंच सिम्युलेशन ठेवा. आणि हिंमत असेल तर एकदा तरी 'ताटी' लिहून बघा.