मोठ्या कुत्र्याच्या घरात दुसरा कुत्रा आणताना

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शेरू हा 4 वर्षांचा जर्मन शेफर्ड नर आहे, वजन 38 किलो, नसबंदी झालेली नाही. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचे घर आहे आणि घरात 9 वर्षांची मुलगी व सत्तरी ओलांडलेल्या आई आहेत. तुम्ही दोघे कामावर गेलात की तो दिवसभर दाराशी पडून राहतो, म्हणून त्याला सोबत हवी असे तुम्हाला वाटते. मुलीला शिह त्झूचे पिल्लू हवे आहे, आणि एका परिचितांकडे जर्मन शेफर्डचेच एक नर पिल्लू विनामूल्य मिळते आहे. यांपैकी कोणते आणावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही आणू नयेत. त्याऐवजी 2 ते 4 वर्षांची, नसबंदी झालेली, 15 ते 20 किलो वजनाची एखादी देशी मादी पाहावी. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो, कारण या निवडीत झालेली चूक माणसांपेक्षा कुत्र्यांना अधिक महागात पडते आणि मी ती एकदा केलेली आहे.

आमच्याकडे भीम नावाचा 58 किलोचा ग्रेट डेन होता. स्वभावाने इतका गरीब की ताटलीतली भाकरी मांजराने ओढली तरी बाजूला सरकून बसायचा. त्याच्या सोबतीला आम्ही पग जातीचे पिल्लू आणले, चिकू. पहिले चार महिने दोघे एकाच गोधडीवर झोपत होते, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो. एका संध्याकाळी अंगणात खेळताना भीमने नेहमीसारखा पुढचा पंजा उचलून चिकूच्या डोक्यावर ठेवला, आणि त्या एका दाबाने चिकूचा उजवा डोळा खोबणीतून बाहेर आला. डॉक्टरांकडे पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला; डोळा वाचला नाही. त्या खेळात राग नव्हता, गुरगुरणे नव्हते, कोणाचीही आगळीक नव्हती. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, आणि मोठ्या कुत्र्याचा लाडाचा पंजाही तिथे घातक ठरतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. डॅशहंडच्या बाबतीत हीच भीती पाठीच्या मणक्यांची असते. दोन महिन्यांचे शिह त्झूचे पिल्लू जेमतेम दीड किलोचे भरते. तुमच्या शेरूने नुसते अंगावर लोळण घेतले तरी त्याचा पाय मोडू शकतो.

वजनाच्या तफावतीत आणखी एक धोका आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. लहान कुत्रा घाबरून किंचाळत पळू लागला की मोठ्या कुत्र्याच्या डोक्यातला खेळ क्षणात मागे पडतो आणि पाठलागाची उपजत वृत्ती पुढे येते. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोड्यांतही असे घडते. शेफर्ड ही मेंढ्या राखण्यासाठी घडवलेली जात असल्याने पळत्या वस्तूमागे धावणे तिच्या रक्तातच आहे. शिकारीसाठी जोपासलेल्या कारवानीच्या बाबतीत तर मी याहून अधिक सावध राहीन.

म्हणून जात, रंग, वय यांच्या आधी मी दोनच गोष्टी पाहतो. नव्या कुत्र्याला ‘आता पुरे’ असे स्पष्ट सांगता येते का, आणि जुन्या कुत्र्याला ते ऐकू येते का? प्रौढ कुत्री हे उत्तम सांगते. ती आधी मान वळवते, मग ओठ किंचित वर उचलते, मग एकदाच दबक्या आवाजात गुरगुरते. समजूतदार मोठा कुत्रा त्यावर थांबतो, नाक जमिनीला लावतो किंवा अंग झटकून दुसरीकडे वळतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला ही भाषा अजून यायची असते, आणि शिह त्झूला ती आली तरी शेरूची पहिली चूकही त्याला परवडणारी नाही. 15 ते 20 किलोची चपळ देशी कुत्री मात्र अंग सावरूही शकते आणि वेळ पडल्यास दिवाणावर उडी मारून बाजूलाही होऊ शकते.

शेरू ऐकणारा आहे का, हे तुम्हाला आजच तपासता येईल. ओळखीतल्या एखाद्या शांत, प्रौढ कुत्रीबरोबर त्याला चार-पाच वेळा फिरायला न्या आणि ती गुरगुरल्यावर तो काय करतो ते पाहा. तो दर वेळी थांबत असेल, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. ती नको म्हणत असतानाही तो छाती पुढे करून अंगावर जात असेल, तर सध्या दुसरा कुत्रा आणू नये.

नर पिल्लाविषयीची माझी हरकत वेगळी आहे. ते पिल्लू आठ महिने शेरूच्या मागेमागे हिंडेल आणि सगळे छान चालले आहे असे तुम्हाला वाटेल. खरा प्रश्न ते दीड-दोन वर्षांचे झाल्यावर उभा राहतो. कुत्रा स्वभावाने प्रौढ होण्याचा काळ साधारण 1 ते 3 वर्षांचा असतो आणि याच काळात समलिंगी जोड्यांत भांडणे पेटतात. 38 किलोचे दोन नर दोन बेडरूमच्या घरात भिडले तर त्यांना सोडवणे आईंच्या किंवा मुलीच्या आवाक्यातले नाही. दोन माद्यांचे वैर तर त्याहूनही चिवट असते, म्हणून नर आणि मादी ही जोडीच मला सर्वांत कमी जोखमीची वाटते. नसबंदी मात्र आवश्यक आहे. नसबंदी न झालेली मादी साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते आणि ते दिवस सुमारे तीन आठवडे चालतात. त्या काळात एका छपराखाली नराला आवरणे अतिशय कठीण जाते, आणि चूक झाली तर सुमारे 63 दिवसांनी घरात पिल्ले असतात. शेरूचीही नसबंदी करणार असाल, तर शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नर प्रजननक्षम राहू शकतो हे ध्यानात ठेवा.

शेरू दाराशी पडून राहतो, याचाही नीट विचार व्हायला हवा. तो कुत्र्यांच्या सोबतीसाठी झुरतो आहे, की तुमच्यासाठी? माणसांपासून दूर राहिल्याने अस्वस्थ होणारा कुत्रा दुसरा कुत्रा आणल्याने शांत होतोच असे नाही. कधीकधी दाराशी एकाऐवजी दोघे पडून राहतात. महिनाभर त्याला सकाळी तासभर नीट फिरवा, रोजच्या जेवणातला काही भाग घरात लपवून त्याला तो हुंगून शोधायला लावा, आणि त्यानंतरही तो तसाच दिसला तरच पुढचे पाऊल टाका.

मादी मिळवण्यासाठी, जे लोक सोडवलेले कुत्रे काही काळ स्वतःच्या घरी सांभाळतात त्यांच्याकडे चौकशी करावी. तिथे ती मुलांशी, म्हाताऱ्या माणसांशी, इतर कुत्र्यांशी कशी वागते हे त्या घरातल्या माणसांनी रोज पाहिलेले असते. पिल्लाच्या बाबतीत ही माहिती कोणीच देऊ शकत नाही. लसीकरणाचे कार्ड पाहा, रेबीजची लस झाली आहे ना ते पाहा, आणि गोचीड तापासाठी रक्ताची तपासणी करून घ्या. आपल्याकडे वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही तो दडलेला असतो.

आता प्रत्यक्ष भेट. चिकूनंतर तीन वर्षांनी आम्ही तांबू ही 17 किलोची देशी मादी आणली, तेव्हा घाई केली नाही. पहिली भेट घरात न करता शाळेमागच्या मोकळ्या मैदानात केली, कारण ती जागा दोघांपैकी कोणाचीच नव्हती. मी भीमला आणि माझ्या भावाने तांबूला धरले, पट्टे सैल ठेवले, आणि पंधरा-वीस पावलांचे अंतर राखून आम्ही एकाच दिशेने चालत राहिलो. दहा मिनिटांनी तांबू जिथे लघवीला बसली होती, तिथे भीमला नेले. तो बराच वेळ ती जागा हुंगत राहिला आणि मग शेपूट सैल सोडून पुढे निघाला. तेव्हा कुठे आम्ही अंतर कमी केले. जवळ आल्यावर त्याने सवयीने पंजा उचलून तिच्या पाठीवर ठेवला. ती जागच्या जागी थिजली, कान मागे गेले, आणि एकदाच गुरगुरली. भीमने पंजा खाली घेतला, मान फिरवली आणि गवत हुंगू लागला. त्या क्षणी मला खात्री पटली. तरीही आम्ही तशा पाच भेटी घडवल्या आणि मगच तिला घरी नेले.

घरात पहिले तीन आठवडे दोघांना एकटे सोडू नका. तुम्ही कामावर असताना खोल्या वेगळ्या ठेवा, मधे लहान मुलांसाठी लावतात तशी जाळी लावा. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत आणि दार लावून द्यायचे, हा नियम मी कायमचा पाळतो. यामागे भांडणाची भीती तर आहेच, शिवाय दुसरा हिसकावेल या धास्तीने मोठा कुत्रा घाईघाईने गिळू लागतो, आणि रुंद छातीच्या शेफर्ड किंवा ग्रेट डेनसारख्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका अशा खाण्याने वाढतो. हाडे, चघळायच्या काड्या, आवडते चेंडू हे सुरुवातीला सगळे उचलून ठेवा. कुत्रा वस्तूवर मान झुकवून एकदम स्थिर झाला, तोंड घट्ट मिटले आणि डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसू लागले, तर तो इशारा समजावा. अशा वेळी ओरडू नका, दुसऱ्या कुत्र्याला हाक मारून दूर न्या. मुलीला हे सगळे आधीच समजावून सांगा. भांडणात हात घालायचा नाही, हे तर तिच्याकडून घोकून घ्या.

खर्च साहजिकच वाढेल, महापालिकेचा परवाना दोघांचाही लागेल, आणि आईंना दोन पट्टे एकत्र धरायला देऊ नका. शेरू एकटाही त्यांना ओढून पाडू शकतो.

एक विनंती. मादी घेताना ‘महिनाभर ठेवून पाहू’ असे तिला सांभाळणाऱ्यांशी आधीच स्पष्ट बोलून घ्या. जमले नाही तर परत करण्यात कमीपणा नाही. जन्मभर दोन खोल्यांत दोन भेदरलेले कुत्रे ठेवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. पहिल्या भेटीचे चित्रण करून ठेवलेत आणि इथे दिलेत, तर शेरूची मान, तोंड आणि शेपूट पाहून मला काय दिसते ते मी अवश्य सांगेन.