अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद घालून काही निघतं का?

झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या त्रासाचं मूळ हल्ली फोनवरच्या भांडणात निघतं. घरचे एकच सांगत असतात, सोड ना, कशाला कोणाच्या तोंडी लागतेस, काही फरक पडणारे का. मला हा सल्ला अर्धाच पटतो, म्हणून एक केस सांगते. परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

चाळिशीच्या बाई, माटुंग्याला राहणाऱ्या, विमा कंपनीत नोकरी. आईला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे कबुतरांच्या विष्ठेतले, पिसांतले बारीक कण वर्षानुवर्षं श्वासातून आत जातात, फुप्फुसाला सूज येते आणि काही जणांचं फुप्फुस पुढे कडक होत जातं, जे एकदा झालं की मागे फिरत नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून, म्हणजे लोक कबुतरांना दाणे टाकतात त्या जागेवरून, मुंबईत रान पेटलं, दाणे टाकणं थांबवायला महापालिकेने तिथे ताडपत्री टाकली, लोकांनी ती फाडली, हायकोर्टात सुनावण्या, तेव्हापासून ह्या बाई रोज रात्री कमेंटमध्ये. समोरचे म्हणणार, आम्ही पिढ्यानपिढ्या दाणे टाकतो, आम्हाला कुठे काय झालं? ह्या लिहिणार, माझी आई श्वासासाठी तडफडतेय. त्यावर कोणीतरी लिहिलं, घरात कोणी सिगरेट ओढत असेल, आधी ते बघा. "मग माझं डोकंच फिरलं मॅडम." रात्रीचे दोन-अडीच, सकाळी ट्रेनमध्ये परत तेच, नवऱ्याशी बोलणं तुटक, आईच्या खोलीत बसल्यावरही हातात फोन. आणि मला विचारत होत्या, मी गप्प बसायचं का मग?

नाही, गप्प बसा असं मी सांगूच शकत नव्हते, त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते लोकांपर्यंत जायला हवं होतं. मी म्हटलं, जो वाद सगळ्यात जास्त छळतोय तो मला मोठ्याने वाचून दाखवा, तुमचं पण आणि त्यांचं पण. सुरुवातीला समोरून वाद घालणाऱ्या एका काकांची वाक्यं त्या वेडावून दाखवल्यासारखी वाचत होत्या. मी थांबवलं, म्हटलं साध्या आवाजात वाचा, तुमच्या बिल्डिंगमधले कोणी काका बोलतायत असं समजून. मग एक ओळ आली, "वडिलांनी सुरू केलं होतं, ते गेल्यावर मी मोडलं नाही." त्या थांबल्या. हे मी वाचलंच नव्हतं, म्हणाल्या. वाचलं होतं हो, त्याला उत्तर पण दिलं होतं, पण लिहिलेल्या शब्दांत माणसाचा आवाज नसतो. अमेरिकेत ज्युलियाना श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेच तपासलं, विरुद्ध मताचा माणूस बोलताना ऐकला तर लोकांना तो विचार करणारा माणूस वाटतो, तेच मत नुसतं वाचलं तर तो मंद, कमी दर्जाचा वाटतो.

पुढे वाचताना त्याहून मोठी गोष्ट सापडली. भांडणाच्या मधोमध कोणीतरी लिहून गेलं होतं, "ताई, माझ्या बाबांना पण कितीतरी महिने कोरडा खोकला आहे, आईचं निदान कसं झालं?" ह्याला उत्तरच नव्हतं. खाली-वर ह्यांच्या इतक्या कमेंट, आणि ज्याला खरंच गरज होती त्याला एक शब्द नाही.

इथे मला जे म्हणायचंय ते आलं. अनोळखी माणसाशी वाद उपयोगी पडतो, पण बहुतेक वेळा तो समोरच्याला नाही, बाजूने गुपचूप वाचणाऱ्यांना उपयोगी पडतो. चुकीची माहिती कोणी नीट खोडून काढताना पाहिली तर बघणाऱ्यांचे गैरसमज कमी होतात, हे लेटिशिया बोडे आणि एमिली व्रागा ह्यांच्या अभ्यासांत दिसलंय. समोरचा कधीच बदलत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या वेस्टबोरो बाप्टिस्ट चर्च ह्या द्वेष पसरवणाऱ्या पंथाच्या संस्थापकाची नात मेगन फेल्प्स-रोपर ट्विटरवर पंथाची बाजू लढवायची, तिथल्याच अनोळखी लोकांनी शांतपणे प्रश्न विचारत राहिल्याने तिला पंथाच्या शिकवणुकीतली विसंगती दिसली, २०१२ मध्ये तिने घर-पंथ सगळं सोडलं. पण त्याला काही वर्षं लागली, एका रात्रीत काही झालं नाही. उलट रेडिट ह्या चर्चांच्या वेबसाइटवर लोक स्वतःहून म्हणतात की माझं मत बदलून दाखवा, अशा चर्चांचा कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास केला, तर तिथेही दोघांतली उत्तरा-उत्तरी पाचेक फेऱ्यांच्या पुढे गेली की मत बदलायची शक्यता जवळजवळ संपलेली. आणि तिथे तर लोक ऐकायच्या तयारीने आलेले असतात!

म्हणून आम्ही ठरवलं, एका माणसाला दोनच उत्तरं, दुसऱ्यात स्वतःचा अनुभव, मग बाहेर. रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला. धमकी किंवा घाण मेसेज आला तर वाद घालायचाच नाही, स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांकडे तक्रार. पहिला आठवडा कठीण गेला, दोनदा मध्यरात्री उठून फोन आणला.

त्या खोकल्याच्या प्रश्नाला त्यांनी सविस्तर लिहिलं, आधी साधा खोकला म्हणून औषधं झाली, मग छातीच्या डॉक्टरांनी घराजवळ कबुतरं आहेत का विचारलं, एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने घेतलेला सीटी स्कॅन केला, खिडक्यांना जाळ्या लावल्या. त्या मुलाने बाबांना छातीच्या डॉक्टरांकडे नेल्याचं कळवलं. काकांना लिहिलं, वडिलांच्या आठवणीसाठी करता हे समजलं, पण माझ्या आईचा रिपोर्ट असा आहे. काकांनी, देव त्यांना बरं करो, एवढंच लिहिलं आणि दाणे टाकणं चालूच ठेवलं. त्याचा ह्यांना अजूनही खूप राग येतो. येणारच, आई रोज डोळ्यासमोर आहे. आईच्या आजाराची भीती त्या रागाखाली दबून बसलीये, सध्या आम्ही त्या भीतीवर बोलतोय.